चालताना हलणारी वाळू

आपल्याला नेमकं काय होतंय, हे दलेंदाला कितीतरी दिवस कुणाला नीट सांगताच आलं नाही. "चक्कर येते का?" असं विचारलं की ती नाही म्हणायची. "डोकं दुखतं?" नाही. "मग होतंय तरी काय तुला, बाई?" यावर तिच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते ऐकून माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची.

"मी चालले की जग उड्या मारतं," ती म्हणायची. "मी थांबले की तेही थांबतं."

त्याआधी तिच्या तब्येतीची चौकशी करायची वेळच कुणावर आली नव्हती. स्फाक्स शहरापासून खाली दक्षिणेला, गाबेसच्या आखाताच्या काठावर तिची वस्ती. समुद्र तिथे इतका उथळ की ओहोटीला पाणी सरकत सरकत पार नजरेआड होतं आणि करड्या चिखलाळ वाळूचं मैदान उघडं पडतं. थंडीचे दिवस सुरू झाले की वस्तीतल्या बायका परकर खोचून, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून त्या मैदानात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला उतरतात. तिसरी वाळूत बोटभर खोल बसलेली असते. वर दिसतात ती फक्त दोन टिंबं, सुईने टोचल्यासारखी, शेजारी शेजारी. ती चालता चालता दिसायला हवीत. दिसली की विळ्याचं टोक खुपसायचं आणि तिसरी उकरून टोपलीत टाकायची.

दलेंदा हे काम आईच्या मागे फिरत शिकली होती. चालायची, भांडायची, गाणं म्हणायची, आणि तिचा विळा मात्र बरोबर टिंबांवर पडायचा. शेजारची मेहबूबा तिची कामातली जोडीदारीण. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली होती. "हिला कपाळावर आणखी एक डोळा आहे," मेहबूबा बायकांना सांगायची, "रुमालाखाली लपवून ठेवते, मेली."

एका हिवाळ्यात दलेंदाच्या पाठीत कळा सुरू झाल्या. तिने अंगावर काढलं. मग ताप चढला, थंडी भरली आणि ती बरळायला लागली, तेव्हा नवऱ्याने, लारूसीने, तिला आपल्या जुन्या मालवाहू गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडातली लागण रक्तात पसरली होती. डॉक्टरांनी लारूसीला बाजूला घेऊन सांगितलं, "इंजेक्शन जालीम आहे. क्वचित कानांना बाधतं. पण दुसरं काही लागू पडत नाहीये."

"कान गेले तरी चालतील," लारूसी म्हणाला. "बाई राहू दे."

बाई राहिली. तिला ऐकूही पूर्वीसारखंच येत होतं. त्यामुळे कानांचं ते बोलणं लारूसी पार विसरून गेला.

घरी आल्यावर दलेंदा पहिल्यांदा अंगणात उतरली, तेव्हा समोरचं ऑलिव्हचं झाड तिच्या प्रत्येक पावलाबरोबर वरखाली उडालं. ती भिंतीला धरून उभी राहिली. झाड स्थिर. पाऊल टाकलं, झाड पुन्हा उडालं. अशक्तपणा असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. लेक सिवार तिला जवाचं सूप पाजत होती, लारूसी ऑक्टोपस आणत होता, शेजारणी अंडी पाठवत होत्या. अंगात ताकद आली, गालांवर रंग आला. झाडाच्या उड्या काही थांबल्या नाहीत.

आणि मग माणसं दुखावली जायला लागली. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा दलेंदाला दिसायचा तो नुसता फराटा, पाटीवरची अक्षरं ओल्या हाताने पुसावीत तसा. एका बाजाराच्या दिवशी मेहबूबा समोरून आली, हसली, हात वर केला. दलेंदा सरळ पुढे निघून गेली. संध्याकाळी मेहबूबा दारात हजर.

"काय गं, मोठी बाई झालीस? मरता मरता वाचलीस म्हणून आता आमची ओळखही नको?"

"अगं, मला दिसली नाहीस."

"दिसले नाही? मी? माझ्यामागे गाढव लपेल एवढी आहे मी!"

दलेंदाला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मेहबूबाचा राग तिथेच विरला. ती घरी जाऊन निखाऱ्यांवर धूप घालून घेऊन आली आणि तिने तो दलेंदाच्या डोक्याभोवती ओवाळला. "नजर लागलीय तुला. दुसरं काही नाही." धुराने दोघींना ठसका लागला. उड्या होत्या तशाच राहिल्या.

ओहोटीचा चांगला दिवस बघून दलेंदा हट्टाने वाळूवर गेली. दुपारचं लख्ख ऊन होतं, वारा पडलेला. नेहमीसारखी वाकून, नजर खाली लावून तिने चालायला सुरुवात केली आणि पायाखालची सगळी वाळू थरथरायला लागली. टिंबं म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसतं करडं गढूळ पाणी. ती चारदा भलतीकडेच विळा मारून बसली. मग खड्ड्यात पाय जाऊन आडवी झाली. बायका धावल्या. कुणी चेष्टाही केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. रिकामी टोपली काखेत घेऊन ती परत आली आणि तिने दारामागच्या खिळ्याला विळा अडकवून टाकला.

"डोळे दाखवू," लारूसी म्हणाला.

डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे होते, घाई न करणारे. खुर्चीत बसून दलेंदाने तक्त्यावरची अगदी तळची बारीक ओळसुद्धा वाचली. "डोळे ठणठणीत आहेत," ते म्हणाले. मग तिने उड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "आता मान डावी-उजवीकडे हलवत वाचा."

वरचं ठळक अक्षर सोडून तिला काहीही वाचता येईना.

"तुमची भानगड डोळ्यांची नाही," डॉक्टर म्हणाले. "कानाची आहे."

"अहो, मला ऐकू येतं सगळं!"

"ऐकण्याचा कान वेगळा. दुसरा एक असतो."

स्फाक्सच्या मोठ्या रुग्णालयात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला 'माझ्या नाकाकडे बघत राहा' असं सांगितलं आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून अचानक बाजूला वळवलं. दलेंदाचे डोळे डोक्याबरोबरच वाहवत गेले, आणि मग धडपडून नाकावर परत आले. दुसऱ्या बाजूलाही तसंच. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या इंजेक्शनांबद्दल विचारलं, तेव्हा लारूसीचा चेहरा उतरला. त्याला ते विसरलेलं बोलणं आठवलं होतं. "मीच हो म्हणालो होतो," तो हळूच म्हणाला.

"हो म्हणालात म्हणून त्या इथे बसल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोघांना व्यायामाच्या खोलीकडे पाठवलं.

तिथे इन्साफ भेटली. सिवारपेक्षा थोडीच मोठी असेल. केस मागे घट्ट बांधलेले, बोलताना हात सतत हवेत. तिने दलेंदाला बसवलं, चहा मागवला आणि पाण्याने अर्धा भरलेला एक पेला हातात घेतला.

"मावशी, हा पेला बघा. मी फिरवला की काच लगेच फिरते, पाणी मात्र मागे राहतं. कानात आत, खूप खोल, अशीच पाण्याची इवलीशी कडी असतात, प्रत्येक कानात तीन. मान वळली की पाणी मागे रेंगाळतं, त्यातले बारीक केस वाकतात आणि मेंदूकडे खबर जाते, डोकं हललं, इतकं हललं, या बाजूला हललं."

"मेंदूला काय करायची ती खबर?" लारूसीने विचारलं.

"दोन वाटांनी जाते ती, काका. एक वाट अगदी जवळची, थेट डोळ्यांच्या स्नायूंकडे. डोकं उजवीकडे गेलं की डोळे तेवढेच डावीकडे. म्हणून चालतानाही नजर ठरते. दुसरी वाट लांबची. ती मेंदूच्या मध्यातल्या चौकीवरून पुढे जाते, पार मागच्या भागापर्यंत," तिने स्वतःच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला थोपटलं. "आपण बघतो ते इथे. डोळ्यांतून चित्र येतं, आणि त्याच्या जोडीला ही खबर येते. मग मेंदू म्हणतो, झाड नाही हललं, मी हलले. मावशींच्या कानांतले ते केस औषधाने गेलेत. खबर निघतच नाही. मग मेंदूला वाटतं, झाडच उडालं."

"म्हणजे बघायला कानही लागतात?" लारूसी म्हणाला. "आणि नाक मग काय करतं?"

"तुमचं नाक माहीत नाही, काका. माझं या खोलीतला चहा कधी येतो ते बघतं."

दलेंदा हसली नाही. ती एकाच शब्दावर अडली होती. "गेलेत म्हणालीस. परत येतील?"

इन्साफने हात खाली घेतले. "नाही, मावशी. ते येत नाहीत. पण मेंदूकडे खबर द्यायला आणखी माणसं आहेत. मान आहे, पाय आहेत, डोळे स्वतः आहेत. आणि मान वळवायचा हुकूम मेंदूच देतो ना? मग त्याला आधीच माहीत असतं की आता डोकं हलणार. या सगळ्यांना कानांचं काम शिकवायचं. शिकतात ते. वेळ लागतो, कंटाळा येतो, मळमळतं. पण शिकतात."

शिकवायची रीत इतकी साधी होती की दलेंदाला आधी चेष्टाच वाटली. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्याच्यासमोर बसायचं, नजर अक्षरावर ठेवायची आणि मान नाही-नाही अशी हलवायची. अक्षर फरफटायला लागलं की वेग जरा कमी. स्पष्ट झालं की जरा जास्त. मग होय-होय अशी वरखाली. रोज, दिवसातून पुष्कळदा.

सिवारने कागदावर जाड शाईने एक अक्षर काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. पहिल्या आठवड्यात दलेंदाला उलट्या झाल्या. मग घरात गोंधळ सुरू झाले. लारूसी दारातून विचारायचा, "मासा तळलास का?" आणि आत बायकोची मान ठामपणे नाही-नाही हलत असायची. तो मुकाट्याने पाव आणि ऑलिव्ह खाऊन जायचा. नंतर ताटात मासा तसाच पडलेला बघून दलेंदा चिडायची, "एवढा तळला, आणि शिवलासुद्धा नाहीस?"

उन्हाळ्यात सिवारला मागणी आली. मुलगा हमदी, महारेसच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. सिवारची आणि त्याची आधीच चांगली ओळख होती, पण ते फक्त घरातल्या बायकांना माहीत होतं. रीतीप्रमाणे आधी त्याच्या घरच्या बायका आल्या, मोगऱ्याचे गुच्छ आणि मकरूद मिठाईचा डबा घेऊन. पुढारीण होती हमदीची आत्या झकिया, भारदस्त, सोन्याच्या बांगड्यांची, आणि आपला शब्द खाली पडू न देणारी. बोलणी छान चालली. दलेंदा चहा करायला आत गेली. किटली रटरटत होती, समोर भिंतीवर अक्षर होतं, आणि दुपारचा व्यायाम राहिलेला. उभ्या उभ्या तिने तो सुरू केला.

बाहेरून, उघड्या दारातून, झकियाने आवाज चढवून विचारलं, "मग काय दलेंदाबाई, आमचा मुलगा पसंत आहे ना?"

किटलीच्या आवाजात दलेंदाला काही ऐकू आलं नाही. तिची मान मात्र सगळ्यांना दिसत होती. नाही, नाही, नाही, नाही.

झकियाने पर्स उचलली. "तोंडाने सांगायचीही तसदी नाही? आमच्यात कुत्र्यालासुद्धा हाड म्हणतात!"

"आई!" सिवार किंचाळत आत धावली. "मान थांबव! मान थांबव आधी!"

"का गं? अजून व्हायचंय माझं."

मेहबूबाही पाहुण्यांच्या सरबराईला आलेली होती. तिने झकियाला अक्षरशः कंबरेला धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, ताप, इंजेक्शनं, उडणारं झाड, कानातलं पाणी. झकियाला खरं वाटेना. "मान हलवून कुणी बरं होतं का?" तिने अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि मान हलवून बघितली. "माझा तर स्पष्ट दिसतो."

"तुमचे कान शाबूत आहेत म्हणून," दलेंदा म्हणाली. "आता मान स्थिर ठेवा आणि अंगठा हलवा. तितक्याच जोरात."

झकियाने अंगठा हलवला. तो फराटाच झाला. ती चकित होऊन आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. "अगं बाई! तुला सगळं असं दिसतं? चालताना?" तिने दलेंदाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तिच्या बहिणीने करून बघितलं, वहिनीने करून बघितलं. तेवढ्यात लारूसी हमदीला घेऊन दारात आला, तर दोन्ही घरच्या झाडून सगळ्या बायका अंगठ्याकडे बघत मान हलवताहेत.

हमदी पांढरा पडला. "सगळ्यांचाच नकार?"

त्या दिवशीचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, असं मेहबूबा अजून सांगते.

पण व्यायामाचं काही हसण्यासारखं नव्हतं. थंडी परत आली, बायका पुन्हा वाळूवर जायला लागल्या आणि दलेंदा भिंतीसमोरच होती. एका सकाळी तिने ते अक्षर टराटरा फाडलं आणि चुलीत टाकलं. लारूसी बघत होता. तो उठला. तिला गाडीत बसवून स्फाक्सला इन्साफकडे घेऊन गेला. सगळी वाट ती डोळे मिटून बसली होती, कारण खड्ड्याखड्ड्यात रस्ता, खांब, मेंढ्या सगळं नाचत होतं.

"काही फरक नाही," तिने इन्साफला सांगितलं. "गाडीत तर डोळे उघडवत नाहीत."

"आणि घरात? अंगणात?"

दलेंदाने विचार केला. "अंगणात... झाड उडतं. पण आता उडून लगेच खाली बसतं. मी स्वतः मान वळवली तर कमी. गाडीने हिसका दिला तर जास्त."

इन्साफने टाळी वाजवली. "मावशी, हाच फरक! गाडी तुम्हाला न विचारता हिसका देते, मेंदूला कळतच नाही. तुम्ही स्वतः मान वळवता तेव्हा हुकूम तुमचाच असतो, आणि त्यावरून मेंदूने काम चालवायला सुरुवात केली आहे. डोळे आधीच तयार राहायला लागलेत. आता बसून पुरे. आता चालायचं, आणि तुमच्या वाळूवर चालायचं."

तिने दलेंदाला चालत्या पट्ट्यावर चालवलं, आणि ती मागे उभी राहून खांदा धरून होती. घरी निघताना नवीन अक्षर दिलं, पहिल्यापेक्षा बारीक. लारूसीने तिला मागणीच्या दिवसाचा किस्सा सांगितला होता. दलेंदाच्या पाठीत एक धपका घालून ती म्हणाली, "आणि हे चुलीत गेलं तर मी महारेसला येऊन तुमच्या विहिणीला सांगेन."

दलेंदा वाळूवर गेली ती दिवसाढवळ्याच. पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या बायकांबरोबर जाणं तिने कायमचं सोडलं, कारण डोळ्यांना काही दिसेना झालं की तिला वर-खालीही कळेनासं व्हायचं. मेहबूबा तिच्यासाठी थांबून राहायची आणि दोघी उशिरा निघायच्या. सुरुवातीला दलेंदा नुसती चालली. विळा घरीच. काठीने वाळू चाचपत, क्षितिजावरच्या एका होडीवर नजर ठेवून.

पूर्वीसारखं चालता चालता टिंबं बघणं तिला जमेना. मग तिने चालणंच बदललं. दोन-तीन पावलं टाकायची, थांबायचं, मान अगदी स्थिर धरायची, समोरची वाळू डावीकडून उजवीकडे नजरेने वाचून काढायची, मग विळा. पुन्हा दोन-तीन पावलं.

"बगळा झालाय तुझा," मेहबूबा म्हणाली. "चोच तेवढी राहिलीय."

पाण्याच्या कडेला खरंच एक बगळा फिरत होता. दलेंदाने कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. अंग पुढे सरकत होतं, पण डोकं जागच्या जागी रोवल्यासारखं. मग मान झटकन पुढे, आणि पुन्हा डोकं रोवलेलं.

"तो मूर्ख नाहीये, मेहबूबा," ती म्हणाली. "बघ, पोट कसं भरलंय त्याचं."

त्या दिवशी तिच्या टोपलीत तळ झाकेल एवढ्याच तिसऱ्या होत्या. सिवारने त्यांचं लसूण आणि हारिसाची तिखट चटणी घालून कुसकुस केलं आणि लारूसीने हाताने भांडं पुसून घेतलं. वसंतापर्यंत टोपली अर्धी व्हायला लागली. पुढच्या हंगामात कधी कधी भरलीही. मेहबूबाची नेहमीच आधी भरायची, आणि दलेंदाला आता त्याचं वाईट वाटत नव्हतं.

सिवारचं लग्न झालं. मांडवात दलेंदा नाचली, मान ताठ ठेवून आणि झकियाचा दंड धरून. आता आठवड्यातून काही दिवस ती वाळूवर जाते. जोराचा वारा असला तर नाही, अंधारात नाही, आणि लारूसीच्या गाडीत ती अजूनही डोळे मिटूनच बसते. रस्त्यात माणसं भेटली की आधी तीच थांबते, थांबून बघते आणि मग हाक मारते. तिच्या या थांबण्याची वस्तीला इतकी सवय झाली आहे की समोरचाही आपसूक उभा राहतो, आणि दोन शब्द बोलल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

गेल्या मार्चमध्ये इन्साफने तिच्याकडे गाबेसच्या एका शिंप्याला पाठवलं. सादोक त्याचं नाव, पन्नाशीचा, नीटनेटका, घाबरलेला. त्यालाही असंच काहीसं औषध द्यावं लागलं होतं. दारातून येताना तो चौकटीला धरून आला आणि बसता बसताच त्याने विचारलं, "ताई, बरं होतं का हे?"

"नाही," दलेंदा म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"मान खाली घालू नका, हलवा," ती म्हणाली. "कान बरे होत नाहीत. पण बाकीचे शिकतात. शिवणयंत्रावर बसता का अजून?"

"बसून शिवतो. सुईत दोरा ओवता येतो. उठलो की दुकान नाचतं. गिऱ्हाईकाचं माप घ्यायला त्याच्याभोवती फिरलो की फितीवरचे आकडे पळतात."

"तुम्ही कशाला फिरता मग? गिऱ्हाईकाला फिरवा."

सादोकने वर पाहिलं. हे त्याला सुचलंच नव्हतं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि आत चहा ओतणारा लारूसी म्हणाला, "आणि भाऊ, घरी बायकोला आजच सांगून ठेवा. मान हलली म्हणजे जेवण नको असं नाही. मी वर्षभर तळलेल्या माशाला मुकलोय."

चहा झाल्यावर दलेंदाने विळा आणि टोपली घेतली. ओहोटी लागली होती, ऊन चांगलं होतं. तिने सादोकला काठी दिली आणि स्वतःचा दंड पुढे केला. दोघं वाळूवर उतरले. थोडी पावलं गेल्यावर तो थबकला, डोळे गच्च मिटून.

"उघडा," ती म्हणाली. "ती होडी दिसते का? निळी? तिच्याकडे बघत राहा. हलू दे तिला. तुम्ही चालत राहा."